ओ द्यायची नाही

सुआदमावशीच्या बाथरूममधला टब कायम काठोकाठ भरलेला असायचा. त्यात आंघोळ करायची नाही, पाय बुडवायचे नाहीत, नुसता हातसुद्धा घालायचा नाही. आंघोळीसाठी शेजारी बादली आणि प्लास्टिकचा मग. स्टेट कॉलेजसारख्या अमेरिकन गावात, जिथे नळ फिरवला की रात्रंदिवस धो धो पाणी येतं, तिथे एक बाई टब भरून ठेवते आणि बादलीनं आंघोळ करते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसावं की तिच्या गळ्यात पडावं हेच कळेना. आमच्या नाशिकच्या घरीही पिंप भरलेलं नसलं तर आईला झोप लागत नसे. पण आईचं भांडण नगरपालिकेशी होतं. सुआदमावशीनं टब भरायची सवय युद्धात लावून घेतली होती.

"नळ बंद होणार असला की तो आधी कळवत नाही," ती म्हणायची. दर रविवारी टबातलं पाणी सोडून द्यायची, टब घासायची आणि पुन्हा भरून ठेवायची.

ती बगदादची. तिथल्या पाणीपुरवठा खात्यात केमिस्ट होती. तिच्या नवऱ्याला एके दिवशी हुकूमशहाच्या माणसांनी ऑफिसातून उचललं. "दोन प्रश्न विचारून सोडतो," म्हणाले, आणि तो परत आला नाही. मग ती जॉर्डनमार्गे कशीबशी अमेरिकेत पोचली आणि आमच्या युनिव्हर्सिटीतल्या पाण्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. मी २००२ साली तिथे पीएचडीला आले तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. बुटकी, रुंद बांध्याची, मेंदीनं लाल केलेले केस, आणि मनगटावर नवऱ्याचं भलंमोठं घड्याळ. तिच्या मागे बगदादमध्ये एकच माणूस उरला होता, धाकटा भाऊ ओमर. तोही पाण्यातलाच, नदीकाठच्या पंपिंग स्टेशनवर इंजिनिअर. लग्न केलेलं नाही. आई लवकर गेली म्हणून मावशीनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं.

मावशी हे नाव मी दिलं. लॅबमध्ये सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायचे, पण आईच्या वयाच्या बाईला नुसतं 'सुआद' म्हणायला माझी जीभ रेटेना. मी सुआदमावशी म्हणायला लागले. तिनं अर्थ विचारला. आईची बहीण, म्हटलं. "म्हणजे खाला," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून माझ्यावर खऱ्या मावशीसारखी ओरडायला लागली. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण आठवतं मात्र मराठीत.

तिच्याबरोबर रेस्टॉरंटमध्ये जाणं ही एक शिक्षा होती. वेट्रेसनं पाणी आणलं की ही ग्लास नाकाशी धरणार, एक घोट तोंडात घोळवणार, आणि त्या बिचारीला सांगणार, "तुमचा पाइप जुना झालाय." किंवा, "आज क्लोरीन जास्त टाकलंय. बरं केलंत. कमीपेक्षा जास्त बरं." मी टेबलाखाली तिच्या पायाला पाय लावायचे. ती मोठ्यानं विचारायची, "लाथ का मारतेस?"

आमची गट्टी जमली ती लोणच्यावरून. लॅबच्या पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये एक पिवळ्याजर्द फोडींची बाटली असायची. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "अंबा." म्हटलं, हा शब्द आमचा आहे. ती उसळलीच. "तुमचा? बगदादच्या गल्लीगल्लीत मिळतं अंबा!" अर्धा तास भांडलो. शेवटी तिनं कबूल केलं की याची पिंपं मुंबईहून जहाजानं यायची असं तिची आजी सांगायची. "पण चांगलं आम्ही केलं," हे शेपूट जोडलंच.

ती बाटली घेऊन मी तिला विजयाकाकूंकडे नेलं. विजयाकाकू म्हणजे आम्हा सगळ्या मराठी पोरापोरींचा आधार. काका युनिव्हर्सिटीत प्रोफेसर, काकूंचं घर कॅम्पस बसच्या शेवटच्या स्टॉपवर. दिवाळीचं पॉटलक तिथेच व्हायचं. काकूंनी अंबा बोटावर घेऊन चाटला. "मीठ अंमळ जास्त आहे, पण लोणचंच आहे हो," असा निकाल दिला. आणि मग, आपल्याकडे कुणीही विचारेल तसं, सहज विचारलं, "तुमचं आडनाव काय? मूळच्या कुठल्या तुम्ही?"

मावशीचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "मी पाण्याच्या डिपार्टमेंटमधली," एवढंच म्हणाली आणि पुरीचा तुकडा मोडत बसली.

परतीच्या बसमध्ये तिनं मला विचारलं, "तुमच्यात हे प्रश्न सगळे विचारतात?"

"सगळेच. ओळख काढायला. आडनाव आणि गाव कळलं की माणूस कळतो असं वाटतं आम्हाला."

"आमच्यातही कळतो," ती म्हणाली. "म्हणून आमच्याकडे असं विचारणारा माणूस चहा पिऊन जात नाही. कुणाला तरी बरोबर घेऊन जातो."

मी काकूंना हे सांगितलं. काकूंनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन तिच्या दाराशी हजर झाल्या. माफीबिफी काही नाही. "डबा परत दे, घाई नाही," एवढंच. तो डबा पुढे कधी रिकामा राहिला नाही. कधी त्यात लाडू, कधी खजूर. जातायेता भरलेलाच असायचा.

मग २००३ उजाडलं आणि युद्ध होणार हे सगळ्यांना दिसायला लागलं. इथे टीव्हीवर सांगितलं होतं की हल्ला झालाच तर खिडक्या-दारांच्या फटी बुजवायला घरात जाड चिकटपट्टी ठेवा. म्हणून गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात ही रांग. मावशीही त्या रांगेत. तिच्यापुढे एक तरुण जोडपं, कडेवर बाळ. त्यातल्या बाईनं ओळख नसताना विचारलं, "तुम्हालाही भीती वाटते ना?"

"फार," मावशी म्हणाली.

"ते इराकी काय करतील सांगता येत नाही."

"खरंय," मावशी म्हणाली. "आमच्या ओमरला विचारलं तर तो म्हणाला, तो पण चिकटपट्टीच लावतोय."

त्या बाईला काही कळलं नाही. मावशीनं तो रोल घरी आणला आणि आपल्या अपार्टमेंटच्या प्रत्येक काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुल्या मारल्या, म्हणजे हादऱ्यानं काच फुटली तर तुकडे अंगावर उडत नाहीत. घरमालक आला. "सुआद, हे पेनसिल्व्हेनिया आहे. इथे बॉम्ब पडत नाहीत." ती म्हणाली, "माहीत आहे. इथून जातात." तो बिचारा सज्जन माणूस. मग ती जरा नरमली. "तिकडे तो एकटा फुल्या मारतोय. मी इथे हातावर हात ठेवून बसू?" घरमालकानं हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि गेला. त्या फुल्या दोन वर्षं तशाच होत्या.

युद्ध सुरू झालं. बगदादची टेलिफोन एक्स्चेंजेस पडली आणि ओमरचा फोन बंद झाला. आता मावशीला कोंडीत धरायला सगळ्यांना जोर चढला. युद्धाविरुद्ध मोर्चा काढणारी मुलं तिला म्हणायची, आमच्याबरोबर या, बोला. लढायला गेलेल्या सैनिकांसाठी दारावर पिवळी रिबन बांधणारे शेजारी म्हणायचे, तुमच्या नवऱ्याला नेणारा तो राक्षस आता जाईल, खूश ना? आणि आमचे काका! राजकारण म्हणजे काकांचा प्राण. प्रत्येक पार्टीत ताट घेऊन तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. "नाही पण मॅडम, एकदा स्पष्ट सांगाच. तुम्ही या इन्व्हेजनच्या बाजूच्या की विरुद्ध?"

मावशीचं सगळ्यांना एकच उत्तर. "भावाचा फोन लागला की सांगते."

फोन लागायला पुष्कळ महिने लागले. त्या दिवसांत ती लॅबमध्ये आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. मी एकदा विचारलं, मावशी, घरी का जात नाहीस? तर म्हणाली, "घरी फोन आहे." ज्या दिवशी लागला त्या दिवशी तिनं लॅबभर खजूर वाटले. काका वाटच बघत होते. "आता लागला ना फोन? आता बोला."

"तो म्हणतो वीज दोनच तास असते. वीज आली की सांगते."

पुढच्या वर्षी काकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, रस्ते मोकळे झाले की सांगते. त्याच्या पुढच्या वर्षी काकांनी विचारायचं सोडलं. मला आधी वाटायचं की ही टाळते. तिच्याबरोबर काही वर्षं काढल्यावर कळलं की ती टाळत नव्हती. तिला खरोखरच आधी फोन लागायला हवा होता.

दर रविवारी सकाळी, आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, ती फोन करायची. स्पीकर चालू, फोन ओट्यावर, आणि ही भात नाहीतर वांगी परतत असायची. मी आणि काकू बहुतेक रविवारी तिथेच असायचो. ती परतता परतता आमच्यासाठी इंग्रजी करून सांगायची. पहिला प्रश्न ठरलेला. "अकू माय?" म्हणजे पाणी येतंय का. त्यावर पलीकडून ओमर हसायचा. तो अख्ख्या वस्तीला पाणी पाजणारा, आणि बहीण त्यालाच विचारते, पाणी येतंय का! मोठा हसरा आवाज होता. काकूंचा नि त्याचा न बघताच स्नेह जमला होता. त्यांना तो 'मॅडम अंबा' म्हणायचा.

२००६ मध्ये तो हसायचा कमी झाला. बगदादमध्ये दोन पंथांची आपसात कापाकापी सुरू झाली होती. ओमर हे नाव एका पंथात ठेवतात, दुसऱ्यात सहसा ठेवतच नाहीत. आणि त्याच्या कामाच्या वाटेवर त्या दुसऱ्या पंथाच्या टोळ्यांनी नाकी बसवली होती. गाडी थांबवायची, ओळखपत्र मागायचं, नाव वाचायचं. अली असलास तर जा. ओमर असलास तर खाली उतर. उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठेतरी कचऱ्यात सापडायचा. स्टेशनवरचा त्याचा एक सोबती असाच गेला. बाजारात खोट्या नावाची कार्डं करून मिळायची, ओमर नावाच्या पुष्कळांनी ती घेतली होती. हा घ्यायला तयार नव्हता. बापानं ठेवलेलं नाव आहे, म्हणायचा. शहर सोडायलाही तयार नव्हता. पंप कोण चालवणार?

मावशीचा जीव टांगणीला लागला होता. वांगी करपली तरी तिचं लक्ष नसायचं. अशाच एका रविवारी काकू वैतागून म्हणाल्या, "अगं, नावाचं एवढं काय घेऊन बसलाय तो! माझं नाही बदललं?"

मावशीनं मान वर केली. "तुझं काय बदललं?"

"नाव. मी विजया लग्नानंतर झाले. माहेरची मी मंदा."

मावशीला हे ठाऊकच नव्हतं. काकूंनी रंगवून सांगितलं. लग्न लागतं, मग ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, झालं. दुसऱ्या दिवसापासून जग तुम्हाला त्या नावानं ओळखतं.

"तुला विचारलं होतं?"

"विचारतंय कोण! मी ताटात वाकून बघितलं तेव्हा मला कळलं की मी विजया."

"आणि मंदाचं काय झालं?"

"ती आहे की. साताऱ्याला. माझा भाऊ अजून मंदीच म्हणतो. आणि खोटं कशाला सांगू, तीस वर्षं झाली, पण बाजारात पाठीमागून कुणी मंदा म्हटलं ना, तर अजून माझी मान वळते."

पुढच्या फोनवर मावशीनं ओमरला हे सगळं ऐकवलं. "इथे मॅडम अंबा आहे. तिचं नाव एका ताटात बदललं. ती जिवंत आहे, जेवते, भांडते. तू काय तिच्यापेक्षा मोठा लागून गेलास?" पलीकडून बऱ्याच दिवसांनी त्याचं ते हसणं ऐकू आलं. "सुआद, पण माझं लग्न कुणाशी लावतेस?"

"नाक्यावरच्या पोरांशी," ती म्हणाली. "हुंड्यात जीव मिळेल."

त्यानं ऐकलं. अली या नावाचं कार्ड करून घेतलं. ज्या रविवारी त्यानं हे सांगितलं त्या दिवशी मावशीनं काकूंना तुमचं ते ताट करा म्हणून सांगितलं. मला वाटलं थट्टा असेल. पण काकूंनी ते अगदी मनावर घेतलं. तांदूळ निवडले, ताट जमिनीवर ठेवायचं नाही म्हणून खाली टॉवेलाची घडी घातली, शिरा केला. नवरा नाही, नवरी नाही. हुंदडणारी करवली म्हणून मी. मावशीनं नवऱ्याची अंगठी बोटातून काढली आणि तांदळात उजवीकडून डावीकडे तीन अक्षरं ओढली. अली. फोनवर ओमर विचारत होता, काय चाललंय, काय चाललंय. काकूंनी डोळे पुसले. त्यांचं काय, त्या कुठल्याही लग्नात रडायच्या.

"आता हे तांदूळ देवापाशी ठेवायचे," त्या म्हणत होत्या, तोवर मावशीनं तळहातानं ताट सारखं करून टाकलं. लिहिलेलं काही घरात ठेवायचं नाही, अशी तिची सवय होती. त्याच तांदळाचा तिनं भात टाकला आणि आम्ही तो शिऱ्याबरोबर खाल्ला.

त्यानंतर आमच्या तोंडून चुकून ओमर निघालं तरी ती डोळे वटारायची. "कोण ओमर? मला त्या नावाचा भाऊ नाही." पण खरी पंचाईत वेगळीच होती. कार्डावरचं नाव बदललं, पण मान वळायची काही थांबत नव्हती. नाक्यावरची पोरं हुशार होती. कार्ड बघून झालं की सहज पाठीमागून हाक मारायची. वळला की सापडला. काकूंचं ते बाजारातलं वाक्य मावशीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून तिनं त्याला शिकवायला घेतलं.

ती शिकवणी मी ओट्याशेजारी बसून ऐकलेली आहे. मावशी इकडचं तिकडचं बोलायची, लॅबचं, थंडीचं, पंपाच्या सीलचं. आणि मध्येच, आवाजात काडीचा फरक न करता, म्हणायची, "ओमर?"

"हां," पलीकडून यायचं.

मावशी हातातला डाव ओट्यावर आपटायची. "मेलास!"

"अगं बाई, सख्ख्या भावाला मेलास काय म्हणतेस!" काकू कळवळायच्या.

"इथे मेला तर चालेल," मावशी म्हणायची. "पुन्हा."

पुन्हा पाणी, पुन्हा भाजी, पुन्हा शेजारणीचं बाळंतपण. ओमर? हां. मेलास. तो काकुळतीला यायचा. म्हणायचा, सुआद, दुसऱ्या कुणी हाक मारली तर मी गप्प बसेन, पण तू मारलीस की मी सहा वर्षांचा होतो, आपोआप तोंडातून निघतं. "म्हणूनच मी मारते," ती म्हणायची. लाडात हाक मारून बघितली. रागावून बघितली. लहानपणी संध्याकाळी गच्चीवरून जेवायला बोलवायची तशी लांबवून मारली. त्या हाकेला तो सगळ्यात जास्त वेळा मेला.

आणि मग एका रविवारी ती गच्चीवरची हाक मारून झाली आणि पलीकडून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा मारली. पुन्हा मारली. ओमर आपला सीलबद्दल बोलत राहिला. कुठलं सील, किती घासलंय, बदली कुठून आणायचं. आवाज सपाट. मावशीनं फोन ठेवला आणि आमच्यासमोर खजुरांची बशी ठेवली. स्वतः एकही खाल्ला नाही. काकू माझ्या कानात पुटपुटल्या, "अनघा, आता हिचं अभिनंदन करायचं की सांत्वन गं?" मी खजूर खाल्ला.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. त्यानं फोनवर एक हकीकत सांगितली आणि मावशीनं ती आम्हाला गॅस बंद करून सांगितली. कामावरून घरी येताना नाक्यावर मिनीबस थांबवली. सगळ्यांची कार्डं बघितली. सगळी ठीक. मग नाक्यावरच्या पोरांतला एक जण खाली उतरता उतरता, मित्राला मारावी तशी हाक मारून गेला, "ओमर!" हा पुढच्या माणसाच्या कॉलरकडे बघत बसला. मागच्या सीटवर कुणीतरी म्हणालं, हां. त्याला खाली उतरवलं. बस पुढे निघाली.

मावशीनं त्याला विचारलं होतं, केवढा होता रे?

तो म्हणाला, "मी वळलो नाही. मला कसं कळणार?"

त्या दिवशी तिनं टब दोनदा घासला. शिकवणी तिथेच थांबली. त्यानंतर तिनं फोनवर त्याला कुठल्याच नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. नुसतं "अकू माय?" आणि मग बोलणं.

ओमरनं बगदाद सोडलं ते पुढच्या वर्षी, आणि तेही बहिणीच्या रडण्यानं नव्हे. पाण्यात घालायच्या क्लोरीनचे ट्रकच कुणीतरी बॉम्ब म्हणून उडवायला लागलं. मग क्लोरीन येणंच थांबलं. त्यानं काही दिवस तसंच पाणी सोडलं आणि एक दिवस फोनवर म्हणाला, "मी लोकांना घाण पाजतोय. आता इथे राहायला कारण नाही." लॅबमध्ये माझा सगळा अभ्यास क्लोरीनवरच चालला होता. जास्त झालं तर काय होतं यावर मी वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची, माझे आकडे बघायची आणि म्हणायची, "कमीपेक्षा जास्त बरं." तेव्हापासून मी ते वाक्य हसण्यावारी नेलं नाही.

तो जॉर्डनला गेला, तिथे अडकून पडला, आणि २००८ मध्ये त्याला अमेरिकेचा परवाना मिळाला. खऱ्या नावानं. मावशीनं आपल्याच हातांनी सगळे कागद केले होते. त्या दिवसांत ती लॅबमध्ये गुणगुणायला लागली होती. फार बेसूर गायची. कुणी काही बोललं नाही.

त्याला आणायला न्यूअर्कच्या विमानतळावर आम्ही तिघी काकूंच्या व्हॅननं गेलो. व्हॅन मी ड्राइव्ह केली. त्याच आठवड्यात मी नोकरीसाठी टेक्सासला, अर्विंगला निघणार होते. नंतर फोनवर बोलणं होत राहिलं, पण सुआदमावशीला मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. तिनं ताजी मेंदी लावली होती. काकूंच्या मांडीवर तो लाडवांचा डबा. वाटेत मावशीनं दहादा बजावलं, "हाक मी मारणार. तुम्ही दोघी गप्प बसायचं. दोन वर्षं मी त्या नावानं त्याला हाक मारलेली नाही."

दुपारची वेळ, दाराशी ही गर्दी. फुगे घेतलेली माणसं, नावांच्या पाट्या घेतलेले ड्रायव्हर. मावशी अडसराच्या दांडीला पोट टेकवून उभी. लोंढा बाहेर पडला आणि तिनं माझा दंड धरला. मधोमध एक उंच, वाकलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस एक बॅग ओढत येत होता. माझ्या डोळ्यांसमोर त्या हसऱ्या आवाजाचा कुणी दुसराच होता.

मावशीनं श्वास घेतला आणि हाक मारली. ती गच्चीवरची, लांबवलेली. "ओमऽऽर!"

फुगेवाले वळले. ड्रायव्हर वळले. तो वळला नाही.

तिनं पुन्हा मारली. आता तो आमच्यापासून चार हातांवर होता. त्याची नजर समोरच्या माणसाच्या कॉलरवर होती. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. तिसऱ्या हाकेला मावशीचा आवाज फाटला, आणि तो आमच्यासमोरून सरळ बाहेरच्या दाराकडे चालत गेला.

"अगं, ते नको, दुसरं म्हण," काकू रडत म्हणाल्या. "दुसरं नाव घे त्याचं!"

मावशी दोन्ही हातांनी दांडी धरून उभी होती. तिला ते म्हणायचं नव्हतं. तो दाराशी पोचला. दार उघडलं. मग ती म्हणाली, हाक म्हणता येणार नाही इतक्या बारीक आवाजात, "अली."

तो गर्रकन वळला.

मिठ्या, रडणं, काकूंनी त्याच्या तोंडात कोंबलेला लाडू, हे सगळं झालं. तो काकूंना "मॅडम अंबा" म्हणाला आणि आम्ही हसलो. मग व्हॅनमध्ये ती दोघं मागे बसली, काकू माझ्या शेजारी. डोंगर सुरू झाले. मावशी त्याचा हात मांडीवर घेऊन हळू आवाजात अरबी बोलत होती. मला त्यातला एकच शब्द ओळखीचा होता, माय, म्हणजे पाणी. गावच्या पाण्याबद्दल सांगत असावी. नळ कसा आहे, टब कसा आहे. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता, मध्ये मध्ये काही विचारत होता.

मी आरशात बघितलं. बोलता बोलता, आवाजात काडीचा फरक न करता, मावशी म्हणाली, "ओमर?"

तो बाहेर बघत राहिला.

तिनं डाव आपटला नाही, मेलास म्हटलं नाही. मग त्याच्या हातावरून हात फिरवत पुन्हा पाण्याबद्दल बोलायला लागली, आणि जरा वेळानं, तशीच सहज, पुन्हा म्हणाली, "ओमर?"